पाण्यावर चालणारी मोटार

पेट्रोल महागलें कीं कोठें तरी कोणी तरी पाण्यावर मोटार चालविल्याची वार्ता येते. गेल्या शंभर वर्षांत हें इतक्या वेळां घडलें आहे कीं त्याचा एक लहानसा इतिहासच झाला आहे. श्रोतेहो, तो केवळ हंसून सोडून देण्यासारखा नाहीं. त्यांत लोकांचे पैसे बुडाले आहेत, कांहींना तुरुंग पाहावा लागला आहे, आणि असलीं यंत्रें मोटारींना बसवून देणारे लोक आजहि गिऱ्हाइकें शोधीत असतात.

या कल्पनेचें मूळ मात्र खऱ्या शास्त्रांत आहे. इ. स. १७६६ मध्यें हेन्री कॅव्हेंडिश यानें, धातूंवर अम्ल ओतलें असतां निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूचें वर्णन केलें. १७८३ सालीं पॅरिसमध्यें लाव्हाझिए यानें तो वायु जाळून त्याचें पाणी होतें हें दाखविलें आणि पाण्याला मूलतत्त्वांच्या पंक्तींतून उठविलें. १८०० सालीं व्होल्टाच्या विद्युत्घटाची बातमी लंडनला पोंचते न पोंचते तोंच निकल्सन व कार्लाइल यांनीं तसल्या घटाच्या तारा पाण्यांत सोडून हायड्रोजन आणि प्राणवायु निरनिराळे केले. पुढें अवघ्या सात वर्षांनीं, १८०७ सालीं, आयझॅक द रिव्हाझ या स्विस गृहस्थानें या दोन वायूंच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचें पेटंट घेतलें. पेट्रोलची मोटार जन्मास यावयाला तेव्हां जवळजवळ ऐंशी वर्षें अवकाश होता! तेव्हां पाण्यांत जळणारा वायु आहे आणि त्यावर इंजिन चालतें, हीं दोन्ही विधानें निर्विवाद आहेत.

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. पाणी हें जळण नव्हे. जळणाची ती राख आहे. हायड्रोजन एकदां जळला, त्याच्यापाशीं होती ती उष्णता त्यानें देऊन टाकली, आणि मागें जें राहिलें त्याला आपण पाणी म्हणतों. चुलींतील राखेचें पुन्हां लाकूड करावयाचें तर लाकडानें दिलेली उष्णता निदान तितकी तरी तिला परत द्यावी लागेल. जूलचे प्रयोग आणि हेल्महोल्ट्झचा १८४७ चा निबंध यांनीं हा हिशेब कायमचा पक्का केला. एक किलो हायड्रोजन जाळून सुमारें ३९ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. तोच एक किलो हायड्रोजन नऊ किलो पाण्यांतून बाहेर काढावयास आजचीं उत्तम यंत्रेंहि ५० ते ५५ युनिटें वीज खातात. म्हणजे गाडी जागची हलण्यापूर्वींच पदरीं तोटा.

शिवाय मोटारींत ही वीज येते कोठून? इंजिनानें फिरविलेल्या डायनॅमोंतून. शंभर रुपयांचें पेट्रोल घातलें तर इंजिन त्यांतून पंचवीस-तीस रुपयांचेंच काम करतें, उरलेली उष्णता हवेंत जाते. त्या कामाची वीज करतांना पंधरा-सोळा रुपये शिल्लक राहतात, विजेनें पाणी फोडतांना त्यांचे दहा होतात, आणि तो वायु पुन्हां त्याच इंजिनांत जाळला कीं हातीं तीन रुपयेहि पुरे पडत नाहींत. कोणताहि वाणी हा व्यापार करणार नाहीं.

आतां 'निवळ पाण्यावर नव्हे, पेट्रोलच्या जोडीला पाण्याचा वायु' असें सांगून जीं यंत्रें विकलीं जातात त्यांचा विचार करूं. एका डब्यांत पोलादी पत्रे, दाहक पोटॅश मिसळलेलें पाणी, बॅटरीच्या तारा आणि इंजिनाकडे जाणारी एक नळी, एवढाच हा संसार. १२ व्होल्टवर सहा कप्पे ओळीनें जोडून २० अँपिअरचा प्रवाह तासभर सोडला तर फॅरडेच्या नियमानें साडेचार ग्रॅम हायड्रोजन मिळतो. त्याची उष्णता बारा ग्रॅम पेट्रोलएवढी. तेवढ्या तासांत साधी मोटार दोन किलोंहून अधिक पेट्रोल जाळते! समुद्रांत लोटाभर पाणी ओतल्यासारखेंच हें झालें, आणि तो लोटाहि समुद्रांतूनच भरलेला.

उपद्रव मात्र लोट्याएवढे नाहींत. दाहक पोटॅश गळलें तर कातडी भाजते, डोळा जातो. त्याऐवजीं कोणी घरचें मीठ टाकलें तर क्लोरीन हा विषारी वायु निघतो आणि पत्रे झिजतात. हायड्रोजन पेटावयास पेट्रोलच्या वाफेस लागते तिच्या दशांश ठिणगी पुरते. येथें तर प्राणवायु त्यांत आधींच मिसळलेला असतो. नळींतून ज्वाला मागें फिरली कीं डबाच फुटावयाचा. हल्लींच्या गाड्यांत धुरांतील प्राणवायु मोजून पेट्रोलचें प्रमाण ठरविणारें उपकरण असतें. कित्येक विक्रेते त्यालाच फसविणारी आणखी एक पेटी जोडून देतात. मग पेट्रोल कमी जातें हें खरें, परंतु तें इंजिनाला उपाशी ठेवून. आणि त्याचें श्रेय पाण्याला!

ज्यांनीं निवळ पाण्याचा दावा केला त्यांच्या कथा ठराविक वळणाच्या आहेत. १९१६ सालीं, महायुद्धामुळें अमेरिकेंत पेट्रोलचे भाव चढले असतां, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लुई एनरिक्ट यानें वार्ताहरांदेखत पाण्यांत एक हिरवट द्रव टाकून मोटार चालवून दाखविली. त्याचें गुपित शेवटपर्यंत कोणाला मिळालें नाहीं. पैसे मात्र अनेकांनीं पुढें केले. ओहायोंतील स्टॅनले मेयर याची गोष्ट याहून गंभीर आहे. लॉस एंजल्सपासून न्यूयॉर्कपर्यंत २२ गॅलन पाण्यावर जातां येईल असें तो सांगे. पैसे गुंतविणाऱ्या दोघांनीं फिर्याद केली. न्यायालयाच्या तज्ज्ञांनीं यंत्र तपासलें तर तें साधें विद्युत्पृथक्करण निघालें, आणि १९९६ सालीं न्यायालयानें ही ढळढळीत फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करावयास लावले. १९९८ सालीं तो वारला तेव्हां विषप्रयोगाची आवई उठली. सरकारी तपासणींत मेंदूंतील रक्तवाहिनी फुटल्याचें निघालें, तरी ती आवई अद्याप जिवंत आहे. १९९६ सालींच तमिळनाडूंतील रामर पिल्लै यानें पाणी व वनस्पति यांपासून पेट्रोल केल्याचें जाहीर केलें आणि देशभर जयजयकार झाला. पुढें तें खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रवांचेंच मिश्रण ठरलें, व २०१६ सालीं न्यायालयानें त्याला शिक्षा सुनावली. २०१२ सालीं पाकिस्तानांत आगा वकार अहमद याच्या पाण्याच्या मोटारीचें कौतुक मंत्र्यांनीं केलें. परवेझ हुडभॉय यांच्यासारख्या पदार्थविज्ञानज्ञांना शाळेंतला धडा दूरचित्रवाणीवर पुन्हां शिकवावा लागला.

इंजिनांत पाण्याचा खरा उपयोग झाला तो दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानांत. उड्डाणाच्या वेळीं पाणी व मद्यार्क यांचा फवारा सोडीत. त्यानें मिश्रण थंड होई आणि इंजिन जास्त दाब सोशी. पाणी तेथें जळत नसे. त्याच काळांत आपल्याकडे पेट्रोलचें नियंत्रण आलें तेव्हां मोटारगाड्यांना कोळशाच्या वायूच्या भट्ट्या बसविल्या गेल्या. त्या अवजड, मळकट आणि पेटावयास उशीर लावणाऱ्या होत्या. पण कोळसा हें जळण होतें, म्हणून गाड्या चालल्या. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीहि आज आहेत. टोयोटा कंपनीनें २०१४ सालीं विक्रीस काढलेल्या मोटारींत सुमारें पांच किलो हायड्रोजन ७०० वातावरणांच्या दाबानें टाक्यांत भरावा लागे. जगांतला हायड्रोजन अजूनहि बहुतांशीं पाण्यापासून नव्हे, नैसर्गिक वायु आणि कोळसा यांपासूनच काढला जातो.