वाय-फाय सगळीकडे एकच, मग दोन कंपन्यांचे राउटर एकमेकांशी का जुळत नाहीत?

हॉलमध्ये वाय-फाय जोरात, बेडरूममध्ये मात्र एकच कांडी. मग सेलमध्ये दुसऱ्या कंपनीचा मेश राउटर घेतला जातो आणि तो जुन्याशी काही केल्या ‘पेअर’ होत नाही. खोक्यावर तर दोघांच्याही ‘वाय-फाय सर्टिफाइड’ असं लिहिलेलं असतं! मग गडबड कुठे आहे?

वाय-फायचं प्रमाणपत्र देते ‘वाय-फाय अलायन्स’ ही १९९९ मध्ये सुरू झालेली संघटना. त्यामागचं तांत्रिक मानक मात्र ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेचं, ८०२.११ या क्रमांकाचं. फोन किंवा लॅपटॉप राउटरशी कसा बोलेल, हे त्यात ठरलेलं आहे. म्हणूनच कुठलाही फोन कुठल्याही राउटरला जोडता येतो. दोन राउटरनी मिळून एकच नेटवर्क कसं चालवायचं, हा भाग मात्र बराच काळ कंपन्यांवर सोडलेला होता. प्रत्येकीने आपापली पद्धत काढली. आसुसचं ‘एआयमेश’ आणि टीपी-लिंकचं ‘वनमेश’ ही त्याचीच उदाहरणं. यात कंपनीचा फायदा उघड आहे. एक डबा घेतला की पुढचाही तिच्याकडूनच घ्यावा लागतो.

हा खेळ नवा नाही. २००३ मध्ये ८०२.११जी हे मानक मंजूर झालं, त्याचा कमाल वेग होता ५४ एमबीपीएस. चिप बनवणाऱ्या अ‍ॅथेरॉस कंपनीने ‘सुपर जी’ हे स्वतःचं तंत्र आणलं आणि राउटरच्या खोक्यांवर १०८ एमबीपीएसचा आकडा झळकू लागला. पण तो मिळायचा दोन्ही बाजूंना सुपर जी असेल तरच. साधं कार्ड लावलं की जोडणी पुन्हा ५४ वर. प्रत्यक्षातला वेग तर या छापील आकड्यांच्या बराच खाली असायचा.

इथवर नुकसान फक्त खिशाचं होतं. पण सुपर जीच्या टर्बो प्रकारात दोन चॅनल जोडून एक रुंद चॅनल केला जायचा, तोही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या मधोमध, चॅनल ६ वर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. त्यामुळे शेजाऱ्याच्या साध्या वाय-फायचा वेग पडतो, असा जाहीर आरोप ब्रॉडकॉमने केला. अ‍ॅथेरॉसने तो फेटाळला. ब्रॉडकॉम ही प्रतिस्पर्धी कंपनी होती आणि तिचंही असंच स्वतःचं तंत्र बाजारात होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढे २००९ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एन मानकात रुंद चॅनल अधिकृतपणे आला आणि शेजारच्या नेटवर्कना सांभाळून घेण्याचे नियमही त्यासोबत आले.

आता मेशकडे वळू. वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ हा सामायिक कार्यक्रम जाहीर केला. त्यात एक राउटर ‘कंट्रोलर’ होतो आणि बाकीचे ‘एजंट’. पण यात सहभागी होणं कंपनीच्या मर्जीवर आहे. म्हणून राउटर घेताना खोक्यावर नुसता ‘मेश’ शब्द पाहून भुलू नका, ईझीमेशचा उल्लेख शोधा. दोन्ही डब्यांवर तो असला तरी कंपन्या वेगळ्या असतील तर परत करण्याची मुदत हाताशी ठेवलेली बरी. ॲपमधल्या काही खास सोयी तेव्हाही आपल्याच कंपनीच्या डब्यापुरत्या राहू शकतात.

आधीच दोन न जुळणारे डबे घरात असतील तर? त्यांना लॅन केबलने जोडा. केबलची भाषा दोघांनाही येते. दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो सुरू करा. नसेल, तर त्याचा पत्ता बदला (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या), त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅन नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा. दोन्हीकडे वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सारखा ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवरचे चॅनल मात्र वेगळे.

केबल ओढणं शक्य नसेल तर साधा रिपीटर चालतो. तो राउटरला एखाद्या फोनसारखाच जोडला जातो, त्यामुळे कंपनीचा प्रश्न सहसा येत नाही. मात्र एकाच बँडवर घेऊन त्याच बँडवर पुढे पाठवणाऱ्या रिपीटरमध्ये वेग साधारण निम्मा होतो.