टॅरोच्या पत्त्यांचे अर्थ आले कुठून?

विरार लोकलमध्ये सकाळी अनेक हातांतल्या फोनवर एक पत्ता उघडलेला दिसतो. 'आजचं कार्ड : थ्री ऑफ स्वोर्ड्स.' लाल हृदय, त्यात आरपार गेलेल्या तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. खाली दोन ओळी : मन दुखावलं जाण्याची शक्यता, जवळच्या माणसाशी जपून बोला. वाचणारी नालासोपाऱ्याची असो की वसईगावातली, दिवसभर तिच्या मनात ते हृदय राहतं. या पत्त्यांचं ज्ञान प्राचीन इजिप्तमधून आलं, असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. खरी हकिकत वेगळी आहे. या अर्थांना लेखक आहेत, तारखा आहेत, आणि पत्त्यांच्या वंशावळीची एक फांदी बहुधा वसईच्या किल्ल्याजवळून जाते.

सुरुवात खेळापासून. इजिप्तच्या मामलूक राजवटीतले पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेले आहेत. त्यांचे चार रंग : पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. चौदाव्या शतकात हे पत्ते भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोचले. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स शहराने पत्त्यांच्या खेळावर बंदी घातली, म्हणजे तोवर त्याचं वेड चांगलंच पसरलं होतं. युरोपीय लोकांना पोलो ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठ्यांचे सोटे झाले. पुढे १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत या ५६ पत्त्यांना २२ चित्रांची जोड मिळाली : सम्राट, पोप, मृत्यू, सूर्य, वेडा. ही चित्रं हुकमाची पानं होती. मिलानच्या ड्यूकसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले असे पत्ते आजही टिकून आहेत. भविष्य सांगण्याशी त्यांचा संबंध असल्याचा पुरावा त्या काळात सापडत नाही. टॅरो हा डाव होता, आणि फ्रान्समध्ये तो अजूनही खेळला जातो.

२२ चित्रं बाजूला ठेवली तर उरलेले चार रंग पोर्तुगीजांकडेही होते. कोपास, ओरोस, इस्पादास, पाऊस : पेले, सोनं, तलवारी, सोटे. पोर्तुगीज खलाशी हे पत्ते जातील तिथे नेत. जपानात सोळाव्या शतकात ते त्यांच्याकडूनच पोचले आणि तिथे 'कारुता' नावाने रुजले. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटावर रात्री जागवणाऱ्या शिपायांच्या हातात हे पेले आणि तलवारी आल्या नसतील, असं मला वाटत नाही. आजच्या फोनवरचा थ्री ऑफ स्वोर्ड्स त्या तलवारींचा भाऊबंद आहे.

आपल्याकडे गोल पत्त्यांचा वेगळा वंशही होता : गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि १२० पानं. दिवसा रामाच्या पानाने डाव सुरू करायचा, रात्री कृष्णाच्या. इतकी देवादिकांची चित्रं हातात असूनही तो खेळच राहिला.

मग खेळातल्या चित्रांना भविष्याचा अर्थ चिकटला कधी? १७८१ मध्ये, पॅरिसमध्ये. आंत्वान कूर द झेबलँ या विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचं लपवलेलं पुस्तक. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शाँपोलियों या अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर हा दावा खोडून काढणारं कुणी नव्हतं. पाठोपाठ 'एतेला' या नावाने लिहिणाऱ्या अलिएत नावाच्या पॅरिसकराने १७८५ मध्ये टॅरोने भविष्य पाहण्याची पद्धत छापली आणि १७८९ मध्ये त्यासाठी खास पत्ते काढले. पत्ता उलटा पडला तर अर्थ वेगळा, ही चालही त्याचीच. साध्या पत्त्यांसाठी ती त्याने १७७० मध्येच लिहिली होती. रोजच्या भाकितांतल्या कितीतरी अर्थांची मुळं या एका माणसाच्या यादीत आहेत.

तरीही ती यादी पाठ करावी लागे. बहुतेक जोडांत तीनच्या पानावर नुसत्या तीन तलवारी असत; दुःख त्यात दिसत नसे. ते दिसायला लागलं १९०९ मध्ये, पामेला कोलमन स्मिथमुळे. लंडनमध्ये जन्मलेली, लहानपणी जमैकात राहिलेली, न्यूयॉर्कला चित्रकला शिकलेली ही बाई. ए. ई. वेट या लेखकाने तिला पत्ते काढायला सांगितले आणि काही महिन्यांत तिने सगळा जोड पुरा केला. आकड्यांच्या प्रत्येक पानावर तिने प्रसंग घातला. हृदयात घुसलेल्या तलवारी तिने पंधराव्या शतकातल्या सोला-बुस्का या इटालियन जोडातून घेतल्या, पण बहुतेक पानं तिच्या मनातून उतरली. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये, म्हणजे नाण्यांच्या पाचव्या पानावर, चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून बर्फात दोन भणंग चाललेत. थ्री ऑफ पेंटॅकल्समध्ये चर्चच्या कमानीखाली एक कारागीर काम करतोय. वसई किल्ल्यातली पडकी चर्चं पाहिलेल्याला ते पान लगेच ओळखीचं वाटेल. 'आज पैशाची चणचण', 'आज सहकाऱ्यांची साथ' हे अर्थ आता शिकावे लागत नाहीत, नजरेनेच कळतात. रोजचं कार्ड कुणालाही वाचता येतं ते या बाईच्या रेषेमुळे. मोबदला तिला फार थोडा मिळाला, तशी खंत तिने त्याच वर्षी एका पत्रात व्यक्त केली.

त्यानंतर अर्थ मवाळ होत गेले. 'डेथ'च्या पानाला वेटने शेवट, मरण, नाश असे शब्द लावले होते. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ईडन ग्रे यांनी सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिलं, तिथून 'बदल' हा अर्थ पुढे सरकला. १९९० च्या दशकात पुण्याच्या ओशो परंपरेतून 'ओशो झेन टॅरो' निघाला, त्यात 'डेथ'च्या जागी असलेल्या तेराव्या पानाचं नावच 'रूपांतर' आहे. ज्या पानाचा अर्थ अर्धशतकात मरणापासून बदलापर्यंत येऊ शकतो, ते पान उद्याची घटना सांगत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते एक चित्र समोर ठेवतं. त्यातून काय आठवायचं, कुणाला फोन करायचा, हे आपण ठरवतो.

वसईच्या भागाला नशिबाविषयी प्रश्न विचारणं नवीन नव्हतंच. देवाला कौल लावायचा, कळी उजवीकडे पडली की होकार. जत्रेत पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन पाकीट उचलायचा आणि मालक आतलं वाचून दाखवायचा. आता पोपटाची जागा फोनने घेतली. वसईच्या ख्रिस्ती घरांत मात्र याला आडकाठी आहे : कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला २११६ वा परिच्छेद भविष्यकथनाचे सगळे प्रकार नाकारतो. त्या घरांतल्या मंडळींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. पामेला १९११ मध्ये स्वतः कॅथलिक झाली आणि पुढे कॉर्नवॉलमध्ये तिने धर्मगुरूंच्या विश्रांतीसाठी घर चालवलं. १९५१ मध्ये ब्यूड या गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

जगभर हा जोड अनेक वर्षं 'रायडर-वेट' म्हणून विकला गेला : एक प्रकाशक, एक लेखक. चित्रकर्तीचं नाव त्यात नव्हतं. अलीकडे बरेच जण 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणतात. पत्ते विकत घेणार असाल, रोजचं कार्ड कुणाला पाठवणार असाल, तर तुम्हीही तसंच म्हणा.