सर जोशुआ रेनॉल्ड्स : मत आणि हात

चित्रकारानें आपल्या कलेचें तत्त्वज्ञान स्वमुखानें सांगावें आणि त्याच्याच चित्रांनीं त्याविरुद्ध साक्ष द्यावी, असे प्रसंग कलेच्या इतिहासांत थोडे नाहींत. अठराव्या शतकांतील इंग्रज तसबीरकार सर जोशुआ रेनॉल्ड्स याच्या ठायीं हा विरोध विशेष स्पष्ट दिसतो. आणि तो बोधप्रदहि आहे.

रेनॉल्ड्स १७२३ सालीं डेव्हन परगण्यांतील प्लिम्प्टन येथें एका शाळाधिपतीच्या घरीं जन्मला. तरुणपणीं इटलींत जाऊन त्यानें राफाएल व मायकेल अँजेलो यांच्या कृतींचा मनःपूर्वक अभ्यास केला. १७५२ सालीं तो मायदेशीं परतला, आणि थोड्याच वर्षांत त्याचा लौकिक इतका वाढला कीं, १७५८ या एका सालांत सुमारें दीडशें माणसें त्याच्यापुढें तसबिरीसाठीं बसलीं. १७६८ सालीं रॉयल अ‍ॅकॅडमी स्थापन झाली, तेव्हां पहिल्या अध्यक्षाचा मान त्यालाच मिळाला. १७६९ पासून १७९० पर्यंत त्यानें तेथें जीं पंधरा व्याख्यानें दिलीं, त्यांत त्याचें कलाविषयक मत ग्रथित झालें आहे.

तें मत थोडक्यांत असें : सृष्टींतील कोणतीहि एक वस्तु पूर्णपणें निर्दोष नसते. अनेक वस्तूंची तुलना करून त्या जातीचें जें सामान्य व निर्मळ रूप मनांत ठरतें, तेंच चित्रकारानें रेखाटावें. वस्त्र रेशमी कीं लोकरी, हा भेद दाखविणें सुद्धां उच्च शैलीस कमीपणा आणणारें होय. अर्थात् पुराणेतिहासांतील प्रसंगांचें चित्र श्रेष्ठ, व एका विवक्षित माणसाची तसबीर कनिष्ठ. तसबिरीस वर चढवावयाचें असेल, तर चेहऱ्याचे बारकावे सोडावे, क्षणिक फॅशनचा पोशाख टाळावा आणि एकंदर भाव तेवढा पकडावा.

हें मत केवळ सौंदर्यशास्त्राचें नव्हतें. इंग्लंडांत चित्रकाराची गणना तोंवर बहुधा कारागिरांत होत असे. जो दिसेल तें उतरवून काढतो तो कारागीर, आणि जो कल्पनेनें निवड करतो तो पंडित, असें ठरलें, तरच चित्रकाराला कवीच्या पंक्तीस पाट मिळणार होता. रेनॉल्ड्सला तो पाट हवा होता. मौज एवढीच कीं, ज्या शाखेस तो कनिष्ठ म्हणे, तिच्यावरच त्याचा सारा चरितार्थ चालला होता.

आपल्या मताप्रमाणें त्यानें पुष्कळ चित्रें काढलीं. आरमारी अधिकारी केपेल याला त्यानें प्राचीन देवमूर्तीच्या ऐटींत उभें केलें. प्रसिद्ध नटी मिसेस सिडन्स हिला १७८४ सालीं शोकनाट्याची देवता म्हणून सिंहासनावर बसविलें. हीं चित्रें भव्य आहेत यांत शंका नाहीं. पण १७७५ च्या सुमारास त्यानें आपला परममित्र डॉ. जॉन्सन याची जी तसबीर काढली, तींत ऐट नाहीं, देवता नाहीं. एक स्थूल, ऱ्हस्वदृष्टि मनुष्य पुस्तकाचीं पानें मागें दुमडून तें डोळ्यांशीं भिडवून वाचीत आहे, एवढेंच. जॉन्सनला हें रुचलें नाहीं. मिसेस थ्रेल या बाईंनीं लिहून ठेविलें आहे कीं, आपल्या दृष्टिदोषानेंच पुढच्या पिढ्यांनीं आपणांस ओळखावें, हें त्याला मान्य नव्हतें. रेनॉल्ड्सनें स्वतःला खुशाल बहिरा दाखवावें, असा त्याचा टोला होता. आणि रेनॉल्ड्सनें तसें खरोखरच दाखविलें होतें! त्याच सुमाराच्या एका आत्मचित्रांत तो कानाशीं हात नेऊन दुसऱ्याचें बोलणें ऐकण्याची पराकाष्ठा करीत आहे.

आणखी गंमत अशी कीं, कवीनें व्यक्ति सोडून जातीकडे पाहावें, हा उपदेश जॉन्सननें स्वतःच १७५९ सालीं आपल्या ‘रासेलस’ या कथेंतील एका पात्राच्या मुखीं घातला होता. दोघेहि मित्र एकाच पंथाचे. आणि त्या पंथाचा नियम मोडला तो त्यांच्याच दोन चित्रांत.

मग रेनॉल्ड्सचें तत्त्वज्ञान म्हणजे निव्वळ ढोंग समजावें काय? कवि ब्लेकनें त्याच्या व्याख्यानांच्या समासांत जे जळजळीत शेरे मारले, त्यांवरून त्याला तसेंच वाटत असावें. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो. जॉन्सनच्या मिचमिच्या डोळ्यांत केवळ जॉन्सनच दिसत नाहीं. ज्ञानासाठीं शरीराशीं झगडणारा प्रत्येक मनुष्य तेथें दिसतो. कानाशीं नेलेल्या त्या हातांत माणसांत राहूनहि एकटें पडणाऱ्या प्रत्येकाची धडपड आहे. रेनॉल्ड्सला जें सामान्य रूप हवें होतें, तें त्याला येथेंच गवसलें. मात्र व्यंग गाळून नव्हे, तर त्याकडे प्रेमानें टक लावून पाहिल्यामुळें. त्याचें साध्य खरें होतें. साधनाचा नियम तेवढा त्यानें अपुरा सांगितला.

त्याला स्वतःला हें थोडें उमगलें असावें. प्रतिस्पर्धी गेन्सबरो १७८८ सालीं वारला, तेव्हां रेनॉल्ड्सनें एक संपूर्ण व्याख्यान त्याच्या कलेस दिलें. जवळून निव्वळ ओरखडे भासणाऱ्या त्याच्या रेघा दुरून कशा सजीव होतात, हें नियमांत न बसणारें कौशल्य त्यानें मोकळेपणानें वाखाणलें. शास्त्र सांगणाऱ्यानें शास्त्राबाहेरचें सौंदर्य दिसतांच त्यास मान द्यावा, हा गुण मोठा आहे. रेनॉल्ड्स १७९२ सालीं निवर्तला. त्याचीं व्याख्यानें विद्यार्थ्यानें अवश्य वाचावीं. पण तीं वाचून झाल्यावर त्या दोन चित्रांपुढें थोडा वेळ उभें राहावें, म्हणजे व्याख्यानांत काय सांगावयाचें राहिलें तें त्याला कळेल.