सैन्यातून परतलेल्या महिलांच्या मनाचा आघात : लक्षणं कोणती, मदत कुठे?

सायली (सिल्वासा) : सैन्यातल्या परिचारिका सेवेत महिला १८८८ पासून आहेत. वैद्यकीय सेवेबाहेरच्या शाखांमध्ये त्या अधिकारी म्हणून १९९२ पासून आल्या. सेवा संपवून घरी आलेल्या या महिलांचं शारीरिक दुखणं दिसतं, मनाचं मात्र 'स्वभाव तापट झालाय' म्हणून सोडून दिलं जातं.

लक्षणं कोणती?
घटना डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, वाईट स्वप्नं, फटाक्याच्या आवाजानेही दचकणं, आठवण देणाऱ्या जागा टाळणं, घरच्यांपासून तुटल्यासारखं वाटणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं काम अडू लागलं, तर तो पीटीएसडी असू शकतो. कारण फक्त गोळीबारच असतं असं नाही. जखमींची सेवा, अपघात, सेवेतला लैंगिक छळ यांमुळेही असा आघात होतो.

महिलांची वेगळी अडचण
शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांची सेवा जास्तीत जास्त १४ वर्षं, तर अधिकाऱ्याच्या पेन्शनसाठी २० वर्षं लागतात. त्यामुळे अनेक जणी पेन्शनविना परतल्या. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लष्करात कायम कमिशनचा मार्ग रुंदावला. माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजना २००३ पासून आहे; शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांना तिचं दार २०१९ मध्ये उघडलं. ज्यांनी अजून नाव नोंदवलं नाही त्यांनी चौकशी करावी.

उपचार काय?
आघातावर केंद्रित समुपदेशन हा मुख्य उपचार, गरजेनुसार औषधं. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, चालू औषध अचानक बंद करू नये.

मदत कुठे?
• टेली-मानस : १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलातील कर्मचारी व कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये १ डिसेंबर २०२३ ला विशेष कक्ष सुरू झाला.
• सिल्वासा परिसरात नमो मेडिकल कॉलेज २०१९ पासून आहे. त्याच्याशी जोडलेल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार ओपीडीची चौकशी करावी.
• महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सरकारी उपचार मिळणं हा हक्क आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. घरच्यांनी 'विसरून जा' म्हणण्याऐवजी ऐकून घ्यावं आणि पहिल्या भेटीला सोबत जावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर तिला एकटं सोडू नये. लगेच ११२ वर फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं.