टंचाईचे धागे

नोव्हेंबर १९८९मध्ये बर्लिनची भिंत खुली झाली आणि पूर्व जर्मनीतल्या ट्रॅबंट गाड्यांच्या रांगा पश्चिमेत शिरल्या. धूर ओकणाऱ्या त्या छोट्या गाडीला ‘पुठ्ठ्याची गाडी’ म्हणून जग हसले. पॉलिमरचा अभ्यासक म्हणून मला मात्र त्या पुठ्ठ्याबद्दल आदर वाटत आला आहे. वनस्पतींच्या धाग्यांनी प्लास्टिक बळकट करण्याच्या खटपटीतले यश आणि तिढा, दोन्ही त्यात एकत्र दिसतात.

कल्पना जुनीच आहे. आपल्याकडे भिंतीसाठी चिखल तुडवताना त्यात गवत किंवा भुसा मिसळतात, तो भेगा पडू नयेत म्हणून. माती दाब सोसते. ताण धाग्याने सोसायचा. १९०७ साली लिओ बेकलंडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले, तेव्हा हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. नुसती राळ ठिसूळ होती. लाकडाची भुकटी मिसळल्यावर ती धक्के सोसू लागली.

पुढचे पाऊल इंग्लंडात पडले. केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीने १९३०नंतरच्या दशकात जवसाच्या खोडाचे लांब धागे फिनॉलच्या राळेत भिजवून, तापवून दाबले. या द्रव्याचे नाव ‘गॉर्डन एरोलाइट’. महायुद्धात ॲल्युमिनियम कमी पडेल, या धास्तीने स्पिटफायर विमानाचा धडाचा भागही त्यातून करून पाहिला गेला. पण धातू पुरला आणि प्रयोग तिथेच थांबला. पुढे काचतंतू आले. ते कारखान्यात हवे तसे एकसारखे निघत आणि पाणी शोषत नसत. शेतातला धागा मागे पडला.

पूर्व जर्मनीची टंचाई मात्र खरी होती. पाश्चात्त्य निर्बंधांमुळे गाड्यांसाठी लागणारा पोलादी पत्रा मिळेना. तेव्हा झ्विकाऊच्या कारखान्याने सोव्हिएत संघातून येणाऱ्या टाकाऊ कापसाचे थर राळेसह तापत्या साच्यात दाबले. हेच ते ड्युरोप्लास्ट. आतला सांगाडा पोलादी, वरचे कवच कापसाचे. १९५७ ते १९९१ या काळात अशा तीस लाखांहून अधिक ट्रॅबंट बनल्या. सांगाडा गंजे, कवच गंजत नसे.

तिढा शेवटी उघड झाला. एकदा पक्की झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. गाड्या भंगारात निघाल्या, तेव्हा कवच जाळावे तर विषारी धूर आणि पुरावे तर ते कुजत नाही. कापूस मातीतून आला होता. राळेने त्याची परतीची वाट बंद केली होती.

१९९०नंतर जर्मन मोटार उद्योगानेच जवस, घायपात आणि अंबाडीचे धागे दारांच्या आतल्या तावदानांसाठी पुन्हा हाती घेतले. या वेळी कारण वजनाचे होते. काचेची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर जवसाच्या धाग्याची सुमारे १.५. बरोबर पॉलिप्रॉपिलीनसारखे पुन्हा वितळणारे प्लास्टिकही वापरात आले. तरी जुन्या अडचणी आहेतच. धागा पाणी ओढतो, प्लास्टिक पाण्यापासून दूर राहते. दोघांची गाठ घालायला रासायनिक दुवा लागतो. शिवाय सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे धागा करपू लागतो.

ज्या अंबाडीची भाजी आपण भाकरीबरोबर खातो आणि जिच्या सालीचे दोर वळले जात, तीच ही अंबाडी. त्यामुळे हा प्रश्न आपल्या शेतकऱ्याच्या दारापर्यंतही येतो. उद्या कोणी या पिकाला ‘हरित प्लास्टिक’चे भविष्य म्हणून गौरवील, तेव्हा धाग्याचे कौतुक मी आनंदाने ऐकेन. पण माझा पहिला प्रश्न राळेबद्दल असेल: ती कोणती आहे, आणि वस्तू मोडल्यावर तिचे काय करणार? ट्रॅबंट बनवताना हा प्रश्न मागे राहिला, आणि त्याचे उत्तर भंगाराच्या ढिगापाशी शोधावे लागले.