पडद्याआडची तसबीर

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची ‘द सीक्रेट गार्डन’ ही बालकादंबरी 1911 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या प्रारंभी हिंदुस्थानातील एका बंगल्यात पटकीची साथ शिरते आणि मेरी नावाची इंग्रज मुलगी पाहता पाहता पोरकी होते. परंतु मेरी आईसाठी रडत नाही, कारण आईने तिला कधी जवळ केलेलेच नव्हते. खरा शोक पुढे, यॉर्कशायरमधील एका प्रचंड वाड्यात भेटतो. तेथे कॉलिन हा दहा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळून आहे. त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच वारली. तिची तसबीर त्याच्या खोलीत आहे, पण रेशमी पडद्याआड. आपण आजारात पिचत असता ती हसत असते, हे त्याला सोसवत नाही; आणि ती मेलीच का, या विचाराने कधी कधी त्याला तिचा चक्क द्वेष वाटतो.

आईविषयी असे शब्द मुलाच्या तोंडी घालणे त्या काळी सोपे नव्हते. वस्तुतः बालवाङ्मयात पोरक्या मुलांची उणीव कधीच नव्हती. योहाना स्पिरी यांची ‘हायडी’ (1880) घ्या किंवा ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांची ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ (1908) घ्या, आईबाप पहिल्या पानाच्या आधीच निवर्तलेले असतात. ही लेखकांची सोय होती, असे मला वाटते. वडीलधारी माणसे वाटेतून दूर झाल्यावाचून मुलाला साहस करता येत नाही. मृत्यू दार उघडून देतो आणि निघून जातो. खुद्द बर्नेटबाईंच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मध्ये (1905) सारा वाढदिवसाच्या दिवशीच पितृहीन होते, पण कथा वळते ती तिच्या दारिद्र्याकडे. अखेर संपत्ती परत मिळते, वडिलांचा मित्र पालक होतो आणि दुःखाचा हिशेब मिटतो. बर्नेटबाईंचे स्वतःचे वडील त्यांच्या बालपणीच वारले होते आणि 1890 मध्ये त्यांचा मुलगा लायोनेल क्षयाने गेला होता. असे हिशेब मिटत नसतात, हे त्यांना ठाऊक असणारच. कॉलिनचा पडदा मला म्हणूनच साराच्या संपत्तीहून मोलाचा वाटतो.

आपल्या देशात हे न बोलण्याचे दुःख थोड्याच काळाच्या अंतराने दोन भाषांत बोलून दाखवले गेले. बंगालीत बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी ‘अपराजितो’ (1932) लिहिली. ती मुलांसाठी नव्हे. परंतु तिचा नायक अपू ‘पथेर पांचाली’च्या बालआवृत्तीतून बंगालच्या मुलांच्याही ओळखीचा झाला. आई गेल्याचे कळताच अपूला क्षणभर सुटकेचा आनंद होतो आणि दुःख मागाहून येते. वाचक दचकतो, आणि हे खोटे आहे असे त्याला म्हणता येत नाही.

दुसरे पुस्तक आपले, साने गुरुजींचे. गुरुजींच्या आई 1917 साली वारल्या. पुढे फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला, पुस्तक 1935 मध्ये निघाले. आपण ते मुलांच्या हाती संस्कारांचे पुस्तक म्हणून देतो. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाल्यावर तर ती आई घरोघरची झाली. तथापि पुस्तकाची मांडणी नीट पाहावी. प्रौढ श्याम आश्रमातल्या सोबत्यांना प्रार्थनेनंतर रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो, आणि आई आता नाही हे श्रोत्यांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे. त्या पहिल्या रात्रीची गोष्ट तरी कोणती? आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला तिने श्यामला सांगितले आहे, आणि मुले हसतील म्हणून श्यामला लाज वाटते आहे. पोहायचे टाळण्यासाठी लपून बसला आणि आईच्या हातचा मार खाल्ला, हेही तो सांगतो. आईची थोरवी सांगता सांगता तो स्वतःचा कमीपणा उघडा करीत जातो. आणि अखेर तो वेळेवर पोहोचत नाही. श्याम शिक्षणासाठी दूर असताना आई जाते. तो घरी येतो तेव्हा दहन होऊन गेलेले असते. शेवटच्या दोन रात्रींची नावे ‘भस्ममय मूर्ती’ आणि ‘स्मृतिश्राद्ध’ अशी आहेत. बेचाळीस रात्रींचे हे सांगणे म्हणजे उशिरा पोहोचलेल्या मुलाने घातलेल्या प्रदक्षिणा आहेत, असे मला वाटत आले आहे.

आपल्या घरांत अशा वेळी मुलाला ‘आई देवाघरी गेली’ असे सांगून शेजारी नेऊन बसवतात. त्यामागे मायाच असते. परंतु त्या मुलाला आईचा राग आला असेल, अथवा आपल्यामुळेच ती गेली असे वाटत असेल, तर ते त्याने कोणापाशी बोलावे?

शिव्हॉन डाउड या लेखिकेला अशाच एका मुलाची गोष्ट सुचली होती. ती लिहिण्यापूर्वीच 2007 मध्ये त्या कर्करोगाने वारल्या, आणि पॅट्रिक नेस यांनी ती लिहिली: ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (2011). तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने खंगत आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी एक अजस्र वृक्षराक्षस येऊन त्याला तीन गोष्टी सांगतो आणि चौथी त्याच्याकडून मागतो. ती चौथी गोष्ट अशी, की हे सारे एकदाचे संपावे असे कॉनरला वाटले होते. ते बोलून झाल्यावर तो रुग्णालयात आईपाशी जातो आणि तिला घट्ट धरून बसतो. बारा वाजून सात मिनिटे व्हायला तेव्हा थोडाच अवधी उरलेला असतो.