खिम्याच्या गोळ्यांची कुळकथा

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह आपल्या संपादक-भगिनींनी धरला. पुण्यात इतिहासाला काय तोटा? शनिवारवाडा, पर्वती, लाल महाल यांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्याकडे पेठोपेठी आहेत. त्यांच्या वाटेला मी जात नाही. मी सांगणार आहे ती एका पदार्थाची कुळकथा. पदार्थ परका आहे, स्वीडन देशातला आहे; परंतु पन्नासहून अधिक वर्षे तो आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला होत आला आहे. सायीच्या रश्श्यात सोडलेले खिम्याचे गोळे, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. त्याचे मूळ शोधू लागले, तेव्हा एक राजा भेटला आणि एक घर सांभाळणारी बाई भेटली. त्या दोघांपैकी श्रेय कोणाचे, हाच ह्या लेखाचा विषय. आपल्या मंडळातील शाकाहारी भगिनींनी मात्र पान उलटू नये. त्यांच्या घरची गोळ्यांची आमटीही ह्या कुळाला अगदीच परकी नाही.

स्वीडनचा पदार्थ पुण्यात आला कसा, हे आधी सांगायला हवे. १९६० च्या सुमारास मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहू लागले. त्यांत स्वीडनच्या कंपन्या बऱ्याच होत्या. दापोडीला सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को आणि आल्फा लाव्हल, तर चिंचवडला एसकेएफ. कोणी पोलादाची कापणारी हत्यारे करी, कोणी हवा दाबणारी यंत्रे, कोणी दुधातून साय वेगळी काढणारी यंत्रे, तर कोणी बेअरिंगे. कारखान्यांबरोबर तिकडचे इंजिनियर आले आणि त्यांच्यामागून त्यांच्या बायका-मुलेही आली. माझे यजमान अशाच एका कारखान्यात नोकरीला होते. १९७२ साली त्यांच्या वरिष्ठांच्या पत्नीने आम्हां चार-पाच जणींना आपल्या बंगल्यावर बोलावले. तिला आपली डाळ-भाजी शिकायची होती आणि बदल्यात ती आम्हांला आपला एक पदार्थ शिकवणार होती. भाषा तिचीही मोडकी, आमचीही मोडकी. पण स्वयंपाकघरात भाषेवाचून फारसे अडत नाही.

तिने टेबलाच्या कडेला एक हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र आवळून बसवले आणि कॅम्पातून आणलेले मटण त्यातून काढले. तिच्या देशात ह्यासाठी गाईचे आणि डुकराचे मांस एकत्र घेतात; इथे तिने सर्वांना चालेल असे केले. पावाचा चुरा दुधात भिजवला, कांदा बारीक चिरून लोण्यावर परतला, एक अंडे फोडून घातले, मीठ व पांढरी मिरी घातली आणि सारे मळून सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळले. हात पाण्यात बुडवून ती गोळे वळत होती, ते पाहून मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. त्याही खिम्याचे गोळे करीत. त्यांच्या गोळ्यांत आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण असे, गोळा फुटू नये म्हणून डाळ्याचे पीठ असे आणि रस्सा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा असे. पण हात तसाच ओला, तळव्यावर गोळा फिरवण्याची रीतही तीच. घरी येऊन मी हकीकत सांगितली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपण डाळं घालतो, ती पाव घालते. एवढाच काय तो फरक." मोठे ग्रंथ वाचल्यावर मला जे कळले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

कारण गोळ्याचे कुळ खरोखरच जुने आहे. आपण 'कोफ्ता' म्हणतो तो शब्द फारसी. 'कोफ्तन' म्हणजे कुटणे, ठेचणे. बगदादेत १२२६ साली लिहिलेल्या अल-बगदादीच्या पाकशास्त्रात खिम्याचे गोळे आहेत. त्यांतल्या एका प्रकारात तर केशर आणि अंड्याचा बलक लावून गोळ्यांना नारिंगाचे रूप देत. आपल्याकडेही कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकात, मांसाच्या पाककृती विस्ताराने आल्या आहेत. जिथे मांस चिवट, दात दुबळे आणि खाणारी तोंडे पुष्कळ, तिथे कुटून, पीठ किंवा पाव मिसळून, गोळा वळून ते पुरवठ्यास आणणे हे कोणत्याही गृहिणीला सुचावे. मांसाच्या जागी डाळ वाटून घातली की आपली गोळ्यांची आमटी होते. युक्ती एकच: वाटा, बांधा, वळा आणि रश्श्यात सोडा.

आता राजाची गोष्ट. स्वीडनचा बारावा चार्ल्स हा मोठा लढवय्या. १७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाच्या पीटर बादशहाने त्याचा पराभव केला, तेव्हा तो तुर्कांच्या आश्रयाला गेला आणि सुमारे पाच वर्षे तिथेच अडकून राहिला. १७१४ साली तो परत निघाला. आपल्याकडे तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळून वर्ष झाले होते. तुर्कांच्या मुलखात राजाने पुष्कळ कर्ज काढले होते, आणि ते वसूल करण्यासाठी सावकार मंडळी त्याच्यामागून थेट स्वीडनपर्यंत गेली. कर्जबाजारीपणा एकट्या पेशव्यांच्याच नशिबी होता असे नाही! राजाबरोबर तुर्की पदार्थ स्वीडनला आले, असे तिकडे सांगतात. २०१८ च्या एप्रिल महिन्यात तर स्वीडन देशाच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून जाहीरच केले गेले की, आमचे गोळे मुळात राजा चार्ल्सने तुर्कस्तानातून आणलेल्या कृतीवर बेतलेले आहेत. जगभर ती बातमी झाली. तुर्क खूष झाले, स्वीडिश लोक हिरमुसले.

परंतु तिकडच्या जाणकारांनी विचारले, पुरावा कुठे आहे? कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून करतात त्या पदार्थाचे नावच तिकडे तुर्की 'डोल्मा'वरून पडले आहे, तेव्हा त्याची गोष्ट पटण्यासारखी आहे. गोळ्यांविषयी मात्र राजाच्या बाजूने लेखी असे काही नाही. त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षेही लढाईतच गेली आणि १७१८ साली नॉर्वेमध्ये वेढ्याच्या खंदकात गोळी लागून तो मेला. गोळ्यांच्या कृतीचा जुना छापील पुरावा सापडतो तो राजवाड्यात नव्हे, एका बाईच्या पुस्तकात.

त्या बाईचे नाव कायसा वार्ग. जन्म १७०३, मृत्यू १७६९. ती स्टॉकहोममध्ये एका मोठ्या घराण्यात घर सांभाळण्याच्या कामावर होती. कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे, स्वयंपाक तिच्या नजरेखाली. १७५५ साली तिने 'तरुण स्त्रियांना गृहव्यवस्थेत साहाय्य' अशा अर्थाच्या नावाचे एक जाडजूड पुस्तक छापले. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता आणि पर्वतीवरील देवालय नुकतेच उभे राहिले होते. त्या पुस्तकात खिम्याचे गोळे आहेत, आणि पुढे १७६५ च्या आवृत्तीत डोल्माही आला. पुस्तक इतके चालले की तिच्या मृत्यूनंतरही आवृत्त्या निघत राहिल्या आणि जर्मन भाषेतही ते गेले. 'घरात असेल त्यात भागवावे' अशा अर्थाची एक म्हण तिच्या नावावर सांगतात. गंमत अशी की ती म्हण तिच्या पुस्तकात नाहीच. लोकांनी प्रेमाने तिला चिकटवली आहे. पण राजाला मिळालेल्या श्रेयापेक्षा हे बक्षीस मला अधिक खरे वाटते.

तिच्या काळी हे गोळे गरिबाचे अन्न नव्हते. मांस सुरीने बारीक करायचे म्हणजे वेळ हवा, नोकर हवेत, आणि ताजे मांसही हवे. एकोणिसाव्या शतकात लोखंडी चुली आणि खिम्याची यंत्रे आली, तेव्हा कुठे ते मध्यम स्थितीतल्या घरांत पोचले. आपल्याकडे नाही का, पुरणयंत्र आणि पुढे मिक्सर आल्यावर सणाचे पदार्थ आडवारी होऊ लागले! गोळ्यांबरोबर बटाटा लागतोच. तोही त्यांच्याकडे आपल्यासारखाच बाहेरून आलेला. आपल्याला तो पोर्तुगीजांनी दिला आणि नावही दिले. स्वीडनमध्ये १७२४ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली, पण लोक खायला तयार होईनात. तेव्हा एव्हा एकेब्लाड नावाच्या बाईने बटाट्यापासून पीठ आणि मद्य करण्याचे प्रयोग केले, आणि त्याबद्दल १७४८ साली स्वीडनच्या शास्त्र अकादमीने तिला सभासद करून घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. ताटात गोळ्याशेजारी बटाटा ठेवताना मला हिची आठवण हटकून होते.

आपल्याकडे काय झाले? मराठीतले पहिले छापील पाकशास्त्र म्हणून ज्याचे नाव घेतात, ते 'सूपशास्त्र' १८७५ साली पुण्यात निघाले. लिहिणारे रामचंद्र सखाराम गुप्ते, म्हणजे पुरुष. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. त्यात सामिष पदार्थांनाही मानाने जागा मिळाली. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि घरोघरच्या नव्या सुनांच्या हाती पोचली. म्हणजे कायसाबाईंचे पुस्तक निघाले त्यानंतर दीडशे वर्षांनी आपल्या लक्ष्मीबाईंचे निघाले. मधल्या काळात आपल्या बायका काही उपाशी बसल्या नव्हत्या. रांधत होत्या, वाढत होत्या, परक्या रीती उचलून आपल्याशा करीत होत्या. कॅम्पातल्या साहेबाच्या ताटातले कटलेट आणि पॅटिस आपल्या घरात येऊन मराठी झाले ते कोणा सरदारामुळे नव्हे. पण ते कोणी, केव्हा, कसे केले, हे लिहिले गेले नाही.

आमच्या घरी होतात ते गोळे असे. अर्धा किलो खिमा घ्यावा. बकऱ्याचा किंवा कोंबडीचा. पावाच्या दोन चकत्या अर्धी वाटी दुधात कुस्करून, लोण्यावर परतलेला एक कांदा, एक अंडे, मीठ व मिरी घालून मळावे. तिकडे जमैकाकडची मिरीसारखी दिसणारी एक सुगंधी फळे कुटून घालतात. त्यांचा वास लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र केल्यासारखा असतो, म्हणून मी त्या तिन्हींची चिमूटभर पूड घालते. मिश्रण अर्धा तास गार ठेवावे. मग तीसएक गोळे वळून, मंद आचेवर लोण्यात सर्व बाजूंनी तांबूस करून काढून ठेवावे. त्याच भांड्यात दोन चमचे कणीक किंवा मैदा परतून दोन वाट्या गरम पाणी अथवा मटणाचे पाणी हळूहळू घालावे, ढवळत राहावे, गुठळी होऊ देऊ नये. आच कमी करून अर्धी वाटी ताजी, फेटलेली साय घालावी. सायीनंतर उकळी फुटू देऊ नये, नाहीतर रस्सा फाटतो. गोळे त्यात दहा मिनिटे मुरवावेत आणि उतरवताना मूठभर बारीक चिरलेला शेपू घालावा.

शेपूचे नाव वाचून नाके मुरडू नका. त्या स्वीडिश बाईला मंडईत शेपूच्या जुड्या दिसल्या, तेव्हा माहेरचे माणूस भेटावे तसा तिला आनंद झाला होता. तिकडे मासळीला आणि उकडलेल्या बटाट्यांना शेपूवाचून शोभा नाही. घरात शेपूची भाजी पाहून उठणारी माझी मुले ह्या रश्श्यातला शेपू बोटे चाटून खात. गोळ्यांबरोबर तिकडे जंगलातल्या लहान, लाल, आंबट फळांचा मुरंबा वाढतात. आम्ही सह्याद्रीतल्या करवंदांचा वाढतो, आणि तो काही कमी पडत नाही.

आता हे गोळे पुणेकरांना नवलाचे राहिलेले नाहीत. स्वीडनच्या आयकिया कंपनीने २०१८ साली हैदराबादला आणि २०२० साली नवी मुंबईत दुकान उघडले. फर्निचर घ्यायला जाणारी मंडळी तिथे गोळे खाऊन येतात. आपल्या देशासाठी त्यांनी कोंबडीचे आणि भाज्यांचे गोळे ठेवले आहेत. नातवंडांना वाटते, गोळे आयकियाने काढले. त्यांचा काय दोष? आधी राजाने काढले म्हणत, आता दुकानाने काढले म्हणतात. ज्याचे नाव मोठ्याने ऐकू येते, त्याच्या नावावर पदार्थ चढतो.

म्हणून हा लेखनप्रपंच. त्या स्वीडिश बाईजवळ तिच्या आजीच्या हातची एक वही होती. तेलाचे डाग पडलेली, पण अक्षर न् अक्षर शाबूत. माझ्या सासूबाईंना लिहिता येत नव्हते. त्या १९८९ साली गेल्या. त्यांच्या खोबऱ्याच्या रश्श्यातले जेवढे माझ्या हातात उतरले, तेवढेच आज आमच्या घरात आहे. त्यात काय कमी आहे ते माझ्या यजमानांची जीभ सांगते, पण काय घालावे ते सांगू शकत नाही. अशी किती घरे असतील! आपल्या मंडळातच मालवणच्या, खानदेशच्या, नागपूरच्या, बेळगावच्या भगिनी आहेत. प्रत्येकीच्या हातात कोणा तरी आईचा, आजीचा, सासूचा हात आहे.

तेव्हा मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने आपल्या घरचा एकच पदार्थ लिहून द्यावा. साखर किती आणि मीठ किती एवढेच नव्हे, तर तो कोणाकडून शिकलो, ती बाई कुठली, कोणत्या साली, आणि पुण्यात आल्यावर त्यात काय बदलले, हेही लिहावे. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी सांगावे, दुसरीने उतरून घ्यावे. माझ्याकडून पहिले पान मी आजच देते आहे. त्यावर सासूबाईंचे खोबऱ्याच्या रश्श्यातले गोळे आहेत, त्यांच्या नावानिशी, जेवढे मला येतात तेवढे.